दोन फितींचा भोपळा

"टोपली नको. टोपलीतून खेकडे वर चढून येतात," बन्सी म्हणाला.

"आणि पिशवीतून चावतात," उमा म्हणाली. "मागच्या दिवाळीत कोण रडलं होतं?"

"मी रडलो न्हाई. डोळ्यात पाणी उडालं होतं."

"दोन्ही डोळ्यांत? आणि नाकातबी?"

चतुरा हसत हसत सुतळीला सुक्या बोंबलाचा तुकडा बांधत होती. गावातली त्यांची मैत्रीण उमा नाक दाबून बसली होती. तिच्या घरी बोंबलाचं नावही काढत नसत. खेकडे धरायची तिला हौस होती ती फक्त धरून सोडून द्यायची.

चतुरा बारा वर्षांची, बन्सी नऊ वर्षांचा. त्यांचे वडील सिताराम गुरुजी मानवतला शाळेत शिकवत. सुट्टी लागली की गुरुजी दोघांना एसटीत बसवून देत आणि बोरगव्हाणच्या फाट्यावर सरजाबाई आत्या उभी असे. आत्याचं घर गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या वस्तीत होतं. सोळा घरांची वस्ती. ओढ्याचं नाव मुकी, कारण तो वाहताना आवाज करत नसे. वस्तीच्या वर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, मुकीला आडवा मातीचा बांध घातला होता. मोठ्या दुष्काळात कामं निघाली तेव्हाचा. त्यालाही आता दोन वर्षं झाली होती.

आत्या घरातून बाहेर आली. तिच्या हातात घागर होती.

"आज कुणी मुकीवर जायचं न्हाई," ती म्हणाली आणि घागर अंगणात कलती केली. पाणी ओघळून गेलं. तळाला लाल साका राहिला.

उमा एकदम उठून उभी राहिली. "कुंकू आलं," ती हळूच म्हणाली.

"कसलं कुंकू?" बन्सीने विचारलं.

"आसरांचं. वर डोहात सात आसरा राहतात, पाण्यातल्या देवी. त्या न्हाल्या की कुंकू लावतात, ते पाण्यात उतरतं. मग पाच दिवस डोहाच्या बाजूला कुणी फिरकायचं न्हाई. माझ्या आज्याच्या वेळेला एक गडी गेला होता म्हणे. त्याची वाचा गेली."

"पण आपण आसरा मानत न्हाई ना, आत्या?" चतुरा म्हणाली.

"मानत न्हाईच की," आत्या म्हणाली. "पण लाल पाणी आलं की जात बी न्हाई." आणि ती आत निघून गेली.

चतुराने घागरीत हात घातला. लाल साका बोटांत चोळला. गुरुजी नेहमी सांगत, डोळ्याला दिसलं ते हाताला लावून बघ, मग बोल. हाताला खरखर लागली.

"उमा, तुझ्या दुकानातून कुंकवाची पुडी आणतेस?"

उमाचे वडील कल्याणराव यांचं गावात किराणा दुकान होतं. ती धावत गेली आणि धावत आली. चतुराने पितळी पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर कुंकू टाकलं. ते वर तरंगलं, मग पाणी गुलाबी झालं. दुसऱ्या पेल्यात घागरीतला साका टाकला. तो सरळ तळाला जाऊन बसला आणि वरचं पाणी निवळलं.

चतुराने दुसरा पेला उन्हात धरला.

"ही माती हाय," चतुरा म्हणाली. "लाल माती. आपल्या गावात सगळी काळी जमीन. आत्या चुलीला सारवायला लाल माती कुठून आणते?"

"खडकवाडीहून," बन्सी म्हणाला. "पण खडकवाडी कुठं आणि मुकी कुठं. खडकवाडीला सडकेनं पाच मैल वळसा घालून जावं लागतं. आणि त्यांचा ओढा येगळा. तांबडी."

"हो, तांबडी. माझ्या मामाच्या गावचा ओढा," उमा म्हणाली. "तो आपल्याकडं येतच न्हाई."

"मग माती कशी आली?"

 चतुराला एकदम काड्या आठवल्या. काल संध्याकाळी बन्सीने बांधामागच्या तळ्याच्या काठावर, पाण्याच्या अगदी कडेला, लिंबाच्या तीन काड्या रोवल्या होत्या. ती त्यांची खेकड्यांची हद्द होती.

"चला," ती म्हणाली. "काड्या बघून येऊ."

काड्या नव्हत्या. पाणी त्यांच्या वर दोन हात चढलं होतं. काल जिथे बसून त्यांनी पाय बुडवले होते तो दगडही दिसत नव्हता. बोरगव्हाणात आठ दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता. वर स्वच्छ ऊन होतं आणि खाली तळं भरत होतं, आवाज न करता.

बांधावर मात्र आनंदीआनंद होता. सरपंच तात्याराव माणसांकडून आंब्याची डहाळी बांधून घेत होते.

"तात्याराव काका, पाणी लय चढायलंय," चतुरा म्हणाली.

"चढू दे की बाळ. आसरांची कृपा. दोन वर्षांत पहिल्यांदा तळं भरायलंय. दुपारी दोनला ओव्हरसियर साहेब यायलेत, जलपूजन हाय. सगळ्या गावानं बांधावर यायचं. पेढे मिळतील."

"पण पाणी कुठून येतंय?"

"मुकीतून," तात्याराव म्हणाले आणि डहाळी वाकडी बांधली म्हणून कुणावर तरी ओरडले.

चतुराने सांडव्याकडे बघितलं. तळं भरलं की जादा पाणी बाहेर जायची ती वाट. अरुंद होती, एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. मग तिने बांधाच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. खाली सोळा घरं. आत्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल. अंगणात शेजारच्या सुलाबाईचं तान्हं बाळ झोळीत झोपलेलं.

"मी वर जाऊन बघते," ती म्हणाली.

"पाच दिवस," उमा म्हणाली.

"तू नको येऊ."

उमाने वेण्या मागे टाकल्या. मग म्हणाली, "मी न्हाई आले आणि तुझी वाचा गेली, तर घरी कोण सांगणार?"

*

डोह दीड मैलावर होता. पहिला मैल शेतांतून गेला, कापसाच्या बोंडांमधून. मग शेतं संपली. दोन्ही बाजूंनी दरड वर चढत गेली आणि मधे बाभळी आणि बोराटीची गच्च जाळी लागली. पायवाट अशी नव्हतीच. पक्षीसुद्धा ओरडत नव्हते. बन्सीने चतुराचा परकर मुठीत धरला होता.

"ताई, परत जायचं का?"

"जायचं," चतुरा म्हणाली. पण तिचे पाय पुढेच पडत होते.

एका वळणावर सात दगड दिसले. शेंदूर लावलेले, ओळीने मांडलेले. प्रत्येकावर हिरव्या बांगड्या. काही फुटक्या, काही धुळीने पांढऱ्या झालेल्या. उमाने हात जोडले. बन्सीने तिचं बघून जोडले, मग ताईकडे बघून सोडले, मग पुन्हा जोडले.

"जोड रे," चतुरा म्हणाली. "मी बाबांना सांगणार न्हाई."

तेव्हा तो आवाज आला. आधी कानाला नव्हे, तळपायाला. जमीन बारीक थरथरत होती, जात्याजवळ बसल्यावर थरथरते तशी.

"मुकीला आवाज नसतो," उमा म्हणाली. "सगळं गाव सांगतं. नसतो आवाज."

परत वळायचं एवढंच चतुराच्या मनात होतं. पण डोळ्यांपुढे सुलाबाईची झोळी आली. तिने जाळीतली फांदी बाजूला केली.

समोर डोह होता आणि डोहाच्या मागे काळा कडा. गावात सगळे सांगत की मुकी कड्याच्या पोटातून निघते, झिरपत. झिरा होताच, खाली, दगडाखालून. पण आज कड्याच्या वरूनही पाणी कोसळत होतं. लाल, जाड, घोंगडीएवढं रुंद. डोह लालभडक झाला होता आणि त्यात फांद्या, पाचोळा, एक तुटकं टोपलं गरगर फिरत होतं.

"टोपलं आसरांचं नसणार," बन्सी कसाबसा म्हणाला.

"म्हणजे वर माणसं हायत," चतुरा म्हणाली. "कड्यावर चढायचं."

कड्याच्या कडेला उंबर होता. त्याच्या मुळ्या दगडांत शिरल्या होत्या. मुळ्या धरत तिघं चढू लागली. तुषारांनी मुळ्या बुळबुळीत झाल्या होत्या. अर्ध्यावर बन्सीचा पाय सटकला. चतुराने त्याचा दंड पकडला. क्षणभर तो खाली फिरत्या लाल पाण्यावर लोंबत होता आणि तिच्या खांद्यातून कळ निघत होती. उमाने खालून त्याच्या पायाखाली आपलं डोकं दिलं.

"माझ्या डोक्यावर पाय दे, माठ्या. वेणी सोडून."

तिघं कशीबशी वर आली आणि गवतात पालथी पडली. डोकं वर करून बघतात तो समोर एक म्हातारा. घोंगडी पांघरलेला, खांद्याला पाण्याचा सुका भोपळा अडकवलेला. तो हात जोडून थरथर कापत होता.

"माय, चुकलं माझं," तो डोळे मिटून म्हणाला. "शेळ्या आल्या म्हणून आलो. पुन्हा येणार न्हाई. पण सातांतल्या तीनच कशा आल्या?"

"आजोबा, आमी आसरा न्हाई," बन्सी म्हणाला. "मी तर मुलगा हाय."

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तो मटकन खाली बसला. त्याचं नाव आश्रुबा. खडकवाडीचा शेळ्या राखणारा.

"आजोबा, हे पाणी कोणतं?" चतुराने विचारलं.

"ही तांबडी. आमचा ओढा. परवापासून वरच्या डोंगरात पाऊस लागलाय. एरवी इथल्या वाळूत मुरून जाते. आसरांच्या पोटात जाते, असं म्हणतात. पाणी लय आलं की मग अशी कड्यावरून उडी घेते."

"तुमी आधी बघितलंय हे?"

"चार वेळेला."

"मग गावात सांगितलं न्हाई?"

आश्रुबाने मान खाली घातली. "लाल पाण्याला इकडं यायचं नसतं, पोरी. सांगितलं तर मी इथं आलो होतो हे कबूल करावं लागंल ना. आमच्या गावात बी पाच दिवसांचा नेम हाय. शेळ्यांना कुणी सांगावं?"

चतुराला आता कळलं. वरच्या गावात नेम, खालच्या गावात नेम. पाणी लाल असताना वरून कुणी खाली येत नव्हतं, खालून कुणी वर जात नव्हतं. म्हणून तांबडी आणि मुकी एकच ओढा आहे, हे कुणी बोललंच नव्हतं.

"बरं झालं तुमी आत्ताच आलात," आश्रुबा म्हणाला. "जेवणं झाल्यावर इथं थांबायची सोय न्हाई. आमचं तळं काठोकाठ भरलंय. बांध जाऊ नये म्हणून लोकं सांडव्याची भिंत फोडायलेत. एकदम पाणी सोडणार."

"पण खाली आमची वस्ती हाय!"

"ओव्हरसियर साहेब सकाळी येऊन गेले. त्यांनीच सांगितलं, फोडा बिनधास्त. नकाशावर तांबडी इथं वाळूत संपते. खाली माणूस न्हाई."

आणि तेच ओव्हरसियर साहेब दुपारी दोनला सगळ्या गावाला बांधावर उभं करून नारळ फोडणार होते.

"मी खडकवाडीला जाते," उमा म्हणाली. "मामा हाय तिथं. माझं ऐकंल."

"आणि न्हाई ऐकलं तर? आम्हाला खाली कळणार कसं?"

मग बन्सीने आश्रुबाच्या खांद्याकडे बोट दाखवलं. "भोपळा," तो म्हणाला. "भोपळा बुडत न्हाई."

उमाने दोन्ही वेण्यांना हात लावला. दिवाळीसाठी घेतलेल्या नव्या लाल फिती होत्या.

"एक फीत बांधून भोपळा सोडला, तर पाणी थांबवलं," ती म्हणाली. "दोन फिती बांधल्या, तर पाणी येतंय. पळा."

आश्रुबाने भोपळ्यातलं पाणी ओतून दिलं, तोंडाला लाकडाचं बूच घट्ट बसवलं आणि उमाचा हात धरून निघाला. म्हातारा शेळीसारखा दगडांवरून उड्या मारत होता. उमाने एकदाच मागे वळून बघितलं.

*

चतुरा आणि बन्सी बांधावर पोचली तेव्हा सगळं गाव जमलं होतं. पाचशे माणसं बांधावर, काठाला लागून पाणी, आणि पाणी लालसर. सांडव्यातून आता धार पडत होती. जीप उभी होती. ओव्हरसियर साहेब टोपी काढून घाम पुसत होते. गावातली सुमनबाई आणि चार बायका ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या.

चतुराच्या पायांत काटे मोडले होते, परकर फाटला होता. ती थेट साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं.

साहेब हसले. जीपमधून कागदाची गुंडाळी आणून त्यांनी उलगडली. "हे बघ बेटा. ही निळी रेघ तांबडी, इथे संपते. ही दुसरी रेघ मुकी, इथे सुरू होते. मधे काही नाही."

"मधे तुमी गेला होता का?" बन्सीने विचारलं.

साहेबांचं हसू जरा कमी झालं. "गावातल्या जाणत्या लोकांना विचारूनच नकाशा केलाय. कल्याणरावांच्या दुकानात बसून, दोन दिवस."

"चहा पीत," मागून कुणीतरी म्हणालं.

पण तात्यारावांचा चेहरा लाल झाला होता. "तुमी डोहावर गेला होता? कुंकू आलं असताना?"

बांधावर कुजबुज पसरली. सुमनबाईने ताट छातीशी धरलं. एक म्हातारी रडायलाच लागली. "आता काय होतंय गावाचं कुणास ठाऊक. पोरांनी घात केला."

कल्याणराव पुढे आले. "आणि माझी उमा कुठं हाय?"

चतुराला बोलता येईना. एवढी माणसं, सगळी मोठी, सगळी रागावलेली. तिला वाटलं, खरंच आपली वाचा गेली. मग तिला गर्दीत आत्या दिसली. आत्या रागावलेली नव्हती. ती चतुराच्या रक्ताळलेल्या पायांकडे बघत होती.

"खडकवाडीला गेली," चतुरा म्हणाली. "ती वरून भोपळा सोडणार हाय. त्याला एक फीत असली तर मला खुशाल मारा. दोन असल्या तर पळा."

"खुळी का काय तू?" कल्याणराव म्हणाले. "खडकवाडीचा भोपळा इथं येतोय कशाला? येऊ दे, मी दुकानात टांगून ठेवतो."

लोक हसले. साहेबांनी घड्याळ बघितलं. "चला, पूजा उरकून घेऊ."

पूजेला वेळ लागला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, ओटी पाण्यात सोडली. साहेबांचं भाषण झालं. चतुरा आणि बन्सी पाण्याकडे डोळे लावून बसली होती. फांद्या आल्या. पाचोळा आला. तुटकं टोपलंही आलं, पण टोपल्याकडे कुणी बघितलं नाही. चतुरा मनात म्हणत होती, एक फीत असू दे. मार पडला तरी चालेल. एकच असू दे.

"ताई," बन्सी कुजबुजला.

तळ्याच्या पार तिकडे, मुकीच्या तोंडाशी, काहीतरी पिवळट गोल वर खाली होत होतं. हळूहळू ते बांधाकडे येऊ लागलं. लिंबाजी नावाचा वस्तीतला गडी कमरेपर्यंत पाण्यात उतरला आणि त्याने ते उचलून वर धरलं.

भोपळा होता. गळ्याभोवती लाल फीत. आणि तिच्याखाली दुसरी.

कल्याणराव पुढे झाले, त्यांनी भोपळा हातात घेतला. फितीच्या टोकाला त्यांनी स्वतः मेणबत्तीने जाळून गाठ दिली होती, सूत निघू नये म्हणून. त्या गाठीवर त्यांचा अंगठा फिरत राहिला.

"माझ्या पोरीची फीत हाय ही," ते म्हणाले. मग छातीच्या पार तळातून ओरडले, "उतरा. बांधावरून उतरा सगळे. पाणी यायलंय."

एकच धावपळ उडाली. वस्तीतली माणसं घरांकडे धावली. शेळ्या सोडल्या, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं. सुलाबाईने झोळीसकट बाळ उचललं. साहेब कागदाची गुंडाळी हातात धरून एकाच जागी उभे होते.

तेव्हा सरजाबाई आत्या बांधावर चढली. तिने पदर खोचला होता आणि हातात टिकाव होता.

"घरं रिकामी झाली, पण घरं जायला नकोत," ती म्हणाली. "साहेब, तुमचा सांडवा लहान हाय. एका ओढ्याचा हाय, पाणी दोन गावांचं हाय. त्या टोकाला चर काढा."

"बाई, सरकारी बांधाला हात लावता येणार नाही. फुटेल."

"बांधाला कोण हात लावतंय? आठ महिने मी हितं पाट्या टाकल्यात. कुठं भराव हाय आणि कुठं न्हाई, मला इचारा. ते टोक बांधाचं न्हाईच, मूळची जमीन हाय. खाली खडक हाय. तिथनं पाणी काढलं तर माळावर जातंय. खाली येत न्हाई."

साहेबांनी टोकाकडे बघितलं, मग आत्याकडे. मग त्यांनी नकाशा जीपमध्ये फेकला. "टिकाव द्या मला एक," ते म्हणाले.

दुष्काळात ज्यांनी बांध घातला होता त्याच बायामाणसांनी आता चर खणायला घेतला. वस्तीतले होते, गावातले होते. तात्याराव धोतर खोचून पाट्या उचलत होते. कल्याणरावांनी जन्मात कधी फावडं धरलं नव्हतं. त्यांच्या हाताला पहिल्या पाच मिनिटांत फोड आले, पण ते थांबले नाहीत. चतुरा आणि बन्सी माती उपसत होती. वीतभर खोल, हातभर खोल. चरातून पहिलं पाणी माळाकडे झुळझुळलं.

मग तळपायाला ती थरथर लागली.

"आलं," चतुरा म्हणाली.

सगळे थांबले. जन्मभर मुकीच्या काठी राहिलेल्या माणसांनी त्या दिवशी पहिल्यांदा मुकीचा आवाज ऐकला. लांबून गाडी यावी तसा. दरडीतून लाल पाण्याची एक भिंत बाहेर पडली आणि तळ्यात शिरली. तळं फुगलं. बांधाच्या माथ्यापासून एक वीत खाली, मग चार बोटं, मग दोन. आत्याने दोन्ही पोरांना पोटाशी धरलं होतं. बन्सीने डोळे मिटले होते आणि तो आकडे मोजत होता.

त्याचे तीनशे बारा झाले तेव्हा चराच्या काठाची माती ढासळली, खडक उघडा पडला आणि लाल पाणी माळावर धो धो जाऊ लागलं. दोन बोटं तशीच राहिली. मग चार झाली. मग वीत.

बांध तिथेच होता. खाली सोळा घरं तिथेच होती. आत्याच्या छपरावरचा वेलसुद्धा हलला नव्हता.

बन्सीने एक डोळा उघडला. "संपलं का?" त्याने विचारलं, आणि आत्या जी हसायला लागली ती हसता हसता रडायलाच लागली.

*

उमा संध्याकाळी आली, सडकेने, मामाच्या सायकलवर पुढे बसून. मागून आश्रुबा चालत आला. उमाचे केस मोकळे सुटले होते.

"मी पोचले तेव्हा अर्धी भिंत फोडून झाली होती," ती सांगत होती. "मामा ऐकत होता, पण पाणी ऐकंना. भिंत आपोआप ढासळायला लागली. सगळी जायच्या आत भोपळा सोडला. मग काय, दोन्ही फिती."

कल्याणरावांनी तिला उचलून घेतलं. मग रागावायचं आठवलं, पण रागावता येईना. "नव्या फिती होत्या," एवढंच ते म्हणाले.

तात्यारावांनी पेढ्यांची अख्खी टोपली पोरांपुढे ठेवली. "आमी म्हातारी माणसं आसरांना भिऊन घरी बसलो," ते म्हणाले. "तुमी भिऊन बी गेला. आता मुकी लाल झाली की पहिला माणूस वर पाठवायचा, हा गावाचा नवा नेम."

"आसरांनीच नेलं पोरांना वर," सुमनबाई ठामपणे म्हणाली. "ओटी भरली होती ना मी." तिच्याशी कुणी वाद घातला नाही.

ओव्हरसियर साहेब आत्याच्या घरासमोर जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून उभे होते. हातात पेन होतं. अंगावर चिखल होता. ते चतुराकडे वळले.

"चूक माझी आहे बेटा. मी चाललोच नाही. बसून विचारलं." ते थांबले. "आता दुरुस्त करतो. पण नाव कोणतं लिहू? तांबडी की मुकी?"

"मुकी," तात्याराव म्हणाले.

"तांबडी," आश्रुबा म्हणाला. "वरून येते ती. आधी आमची."

"आमच्या गावात येऊन ती शांत होते."

"आज झाली होती का शांत?"

दोघांची जुंपली. साहेब चतुराकडे बघत होते. चतुराने आत्याकडे बघितलं.

आत्या हातपाय धुऊन उंबऱ्यात बसली होती. चतुराच्या पायातले काटे ती एकेक करून सुईने काढत होती. तिने मान वर केली नाही.

"नावं काय, दोन असू द्या," ती म्हणाली. "वरच्यांची वर, आमची खाली. पण साहेब, कागदावर रेघ एकच काढा. मधी तोडू नका."

साहेबांनी रेघ काढली. डोहाच्या जागी त्यांचं पेन जरा अडखळलं, तेव्हा बन्सीने पुढे होऊन बोट ठेवलं. "इथून," तो म्हणाला. "इथं उंबर हाय. मी इथं लोंबत होतो."